खिडकीतले पक्षी: ओळख आणि फोटो, नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

पुण्यात आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणाला लागून एक उंबर आहे. त्याच्या शेजारी शेवगा, कढीपत्ता आणि कुणीतरी लावून विसरून गेलेली तुती. तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून गेली काही वर्षं मी या चार झाडांवर येणारे पक्षी बघतो आहे, त्यांचे फोटो काढतो आहे. शेजारपाजारचे, नात्यातले, ओळखीचे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन ओळींत सांगून समजत नाहीत.

पक्षी बघायला अभयारण्यातच जावं लागतं का?

नाही. उलट पहिलं वर्षभर जाऊच नका असं मी सांगेन. भिगवणला किंवा नांदूर मधमेश्वरला गेलात की एका सकाळी साठ-सत्तर जातींचे पक्षी दिसतात, आणि नवख्या माणसाच्या डोक्यात त्यांतला एकही नीट राहत नाही. घराजवळ पंधरा-वीस जाती असतात, पण रोज दिसतात. तोच दयाळ तुम्ही जानेवारीत गप्प बसलेला बघता, मार्चपासून पहाटे गाताना ऐकता आणि मे महिन्यात चोचीत अळी धरून जाताना बघता. एक पक्षी असा आतून-बाहेरून ओळखीचा झाला की दुसरा वेगळा कशात आहे ते आपोआप कळू लागतं.

आधी कोणते पक्षी ओळखायला शिकू?

ज्यांची नावं तुम्हाला आजही येतात तेच. चिमणी, कावळा, पारवा, साळुंकी, पोपट, घार, बगळा, टिटवी. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" ऐकतच आपण मोठे झालो, पण चिमणीतला नर कुठला आणि मादी कुठली हे विचारलं तर पुष्कळ जण थांबतात. नराच्या, म्हणजे चिमण्याच्या गळ्यावर काळा डाग असतो आणि डोक्याचा माथा राखाडी. मादी सगळी मातकट, डोळ्यामागे फिकट पट्टा. इथून सुरुवात करा.

मग दुसरी फळी घ्या: लालबुड्या बुलबुल, दयाळ, शिंपी, शिंजीर, तांबट, भारद्वाज, कोकिळ, कोतवाल, खंड्या, सातभाई, राखी वटवट्या, होला. महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत आणि गावांत हे बारा पक्षी घराच्या हाकेच्या अंतरावर मिळतात. कोकणात आणि गोव्यात त्यांत शिपाई बुलबुल आणि "कुट्रू कुट्रू" ओरडणारा कुर्टुक यांची भर घाला. देशावर मोकळ्या माळाजवळ राहत असाल तर चिरक आणि वेडा राघू हमखास भेटतील.

पक्षी दिसला की नेमकं काय बघायचं? मी पुस्तक उघडेपर्यंत तो उडून जातो.

पुस्तक उघडूच नका. पक्षी समोर आहे तोवर नजर त्याच्यावरच ठेवा. तो गेल्यावर पुस्तक कुठे पळून जात नाही.

पहिल्यांदा आकार. तो सेंटिमीटरमध्ये नव्हे, ओळखीच्या पक्ष्याशी तुलना करून मोजायचा. चिमणी साधारण पंधरा सेंटिमीटर, बुलबुल वीस, साळुंकी तेवीस, त्यापुढे पारवा, कावळा, घार. "चिमणीपेक्षा बराच लहान" किंवा "साळुंकीएवढा, पण शेपूट लांब" एवढं मनात पक्कं झालं तरी निम्मं काम होतं. शिंजीर दहा सेंटिमीटरच्या आसपास असतो आणि फुलटोच्या त्याहूनही लहान, जेमतेम अंगठ्याएवढा.

मग चोच बघा. चोचीवरून तो काय खातो ते कळतं. मुनियाची आखूड, जाड, तिकोनी चोच दाणे फोडायला. शिंजिराची बारीक, बाकदार चोच फुलात घालायला. खंड्याची लांब, जाडजूड, भाल्यासारखी. तांबटाची दणकट आणि तळाशी मिशांसारखे राठ केस.

तिसरी गोष्ट शेपूट. कोतवालाची दुभंगलेली, माशाच्या शेपटीसारखी. दयाळ आणि चिरक शेपटी वर उभारतात. शिंपीची बारीक शेपटी नेहमी ताठ. धोब्याची सतत खालीवर हलत असते.

चौथी वागणूक, आणि माझ्या मते सगळ्यांत भरवशाची तीच. कोतवाल तारेवर बसतो, एकदम झेपावून हवेतला किडा टिपतो आणि पुन्हा त्याच तारेवर येऊन बसतो. सातभाई टोळीने जमिनीवर पाचोळा उलथत फिरतात आणि सगळे एकदम कलकलाट करतात. भारद्वाज झुडपाच्या बुडाशी जड पावलांनी चालतो, उडायचा कंटाळा केल्यासारखा. अंतर जास्त असलं आणि ऊन डोळ्यांवर येत असलं तरी वागणूक दिसतेच.

रंग सगळ्यांत शेवटी. नवख्यांची इथेच फसगत होते, कारण सगळे आधी रंगच बघतात. विणीच्या हंगामातला जांभळा शिंजीर सावलीत निव्वळ काळा दिसतो आणि ऊन पडलं की निळा-जांभळा झळाळतो. खंड्याची निळी पाठ संध्याकाळी करडी वाटते. आभाळाकडे बघत पाहिलेला कुठलाही पक्षी काळाच. रंग बघायचा तर तो कुठे आहे ते बघा: डोक्यावर, भुवईवर, गळ्यावर, पंखाच्या पट्टीवर की बुडाखाली. "थोडा पिवळा होता" यापेक्षा "पोट पिवळं, गळा पांढुरका" ही नोंद लाखमोलाची.

हे दोन पक्षी मला सारखेच वाटतात. कसे वेगळे करू?

ज्या जोड्यांबद्दल सगळ्यांत जास्त विचारलं जातं त्या सांगतो.

कोकिळ आणि कोतवाल आणि कावळा. तिघेही काळे. कोकिळ नराचा डोळा लालभडक आणि चोच फिकट हिरवट, शेपूट लांब आणि टोकाला गोलसर. कोतवाल बारीक अंगाचा, शेपूट दुभंगलेली, आणि चोचीच्या मुळाशी बारीकसा पांढरा ठिपका असतो. गावकावळ्याची मान राखाडी, डोमकावळा सगळा काळा आणि चोच जाड. कोकिळेची मादी तर काळी नसतेच. ती तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके आणि पट्टे. आपण कवितेत "कोकिळा गाते" म्हणतो, पण "कुऊ कुऊ" करणारा नर असतो. मादी घाईघाईने "किक् किक् किक्" असा कर्कश आवाज करते.

दोन शिंजीर. जांभळ्या शिंजिराचा नर विणीच्या काळात सगळा गडद. जांभळ्या पाठीच्या शिंजिराच्या नराचं पोट पिवळं आणि छातीवर तपकिरी-लाल पट्टा. माद्यांची गल्लत होते. गळ्यापासूनच पिवळी असेल तर ती बहुधा जांभळ्या शिंजिराची, गळा पांढुरका आणि पोट पिवळं असेल तर दुसऱ्याची. पावसाळा सरला की एक वेगळाच पक्षी दिसल्यासारखा वाटतो: मादीसारखा पिवळा, पण गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध काळी रेघ. तो जांभळ्या शिंजिराचाच नर, विणीचा वेश उतरवलेला.

दयाळ आणि चिरक. दयाळाचं पोट पांढरं आणि पंखावर लांब पांढरी पट्टी. चिरक नर काळा, खांद्यावर छोटा पांढरा डाग आणि उभारलेल्या शेपटीखाली विटकरी रंग. दयाळ झाडांत रमतो, चिरक दगडधोंड्यांत आणि भिंतींवर.

शिक्रा आणि पावशा. इथे मुरलेले लोकही चुकतात, कारण पावशाचं रूप आणि उडणं दोन्ही शिक्र्यासारखं. तो आला की लहान पक्षी घाबरून ओरडू लागतात. चोच बघा. शिक्र्याची बाकदार, मांस फाडणारी, पावशाची जवळपास सरळ. शिक्रा पिवळ्या लांब पायांवर ताठ बसतो. आणि पावसाच्या तोंडावर "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकू आलं तर प्रश्नच मिटला.

दोन होले. मानेवर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे ठिपके असतील तर ठिपकेवाला होला. आकाराने लहान आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला तांबूस-काळी नक्षी असेल तर छोटा तपकिरी होला.

आवाजावरून पक्षी ओळखता येतात का?

येतात, आणि उंबरासारख्या दाट झाडावर तोच एक मार्ग उरतो. आपल्या पूर्वजांनी कित्येक नावं आवाजावरूनच ठेवली आहेत. तांबट हा हिरवा, चिमणीहून थोडा मोठा, कपाळावर आणि छातीवर लाल टिकला असलेला पक्षी, पण नाव पडलं ते तांब्याची भांडी ठोकल्यासारख्या "टुक टुक टुक" आवाजामुळे. उन्हाच्या तलखीत सारं निपचित पडलेलं असताना हा एकटा ठोकत असतो. तो दिसावा म्हणून मी सुरुवातीला आवाजाच्या दिशेने शोधायचो आणि सापडायचा नाही, कारण तो मान इकडे-तिकडे वळवत ओरडतो आणि आवाज दर वेळी वेगळीकडून आल्यासारखा वाटतो. वाळलेल्या फांदीचा शेंडा आधी बघा, तो बहुधा तिथे असतो.

शिंपी एवढासा, पण "टोविट टोविट" इतकं खणखणीत की मोठ्या पक्ष्याचा आवाज वाटावा. भारद्वाजाचा "हूप हूप हूप" खोल, मडक्यातून आल्यासारखा. एका वेळी एकच आवाज शिका. आवाज ऐकलात की उठून बघा, पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबा. तसा शिकलेला आवाज विसरत नाही.

ॲप सांगतं ते खरं मानायचं का?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचं मर्लिन हे ॲप फुकट आहे. त्यात भारतातल्या पक्ष्यांची माहिती उतरवून घेता येते आणि ते फोटो आणि आवाज दोन्हींवरून नाव सुचवतं. मी ते वापरतो. पण ते सुचवतं एवढंच लक्षात ठेवा. रिक्षाचा हॉर्न, शेजारच्या पिंजऱ्यातला लव्हबर्ड, कोतवालाने केलेली दुसऱ्या पक्ष्याची नक्कल, या सगळ्यांनी ते गोंधळतं. ॲपने नाव दाखवलं आणि तुम्ही पक्षी पाहिलाच नाही, तर तो नोंदीत लिहू नका.

आधी दुर्बीण घेऊ की कॅमेरा?

दुर्बीण. यात माझं मत ठाम आहे. कॅमेरा हातात आला की माणूस पक्षी बघायचा थांबतो आणि फोटो तपासायला लागतो. ८ x ४२ मापाची दुर्बीण नवख्यासाठी उत्तम. आठ म्हणजे आठपट मोठं दिसणं आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. १२ किंवा २० पट मोठं दाखवणाऱ्या स्वस्त दुर्बिणी घेऊ नका. हात हलला की चित्र हलतं आणि दृश्याचा घेर इतका लहान होतो की पक्षी त्यात सापडतच नाही.

फक्त मोबाइल आहे. पक्ष्यांचे फोटो येतील का?

येतील, पण पक्ष्याकडे जाऊन नाही. पक्षी मोबाइलकडे यायला हवा. बोटांनी पडद्यावर चित्र ताणत गेलात की फोनची भिंगं संपतात आणि पुढचं सगळं नुसतं फुगवलेलं, चिखलासारखं दिसतं.

मी वापरतो ती युक्ती सांगतो. गॅलरीत पाण्याचं भांडं ठेवा आणि पक्ष्यांना आठ-दहा दिवस त्याची सवय होऊ द्या. मग भांड्यापासून हात-दीड हातावर कुंड्यांच्या आडोशाला छोट्या तिपाईवर फोन लावा, भांड्याच्या काठावर फोकस पक्का करा आणि तुम्ही आत जाऊन बसा. बऱ्याच फोनमध्ये ब्लूटूथच्या छोट्या रिमोटने किंवा तारेच्या इअरफोनवरच्या आवाजाच्या बटणानेही फोटो निघतो. बुलबुल आणि साळुंक्या पहिल्या दिवशी फोनला बिचकतात, तिसऱ्या दिवशी त्याच्यासमोर अंघोळ करतात. व्हिडिओ लावून ठेवला तरी चालेल, त्यातली एखादी चौकट ओळखीसाठी पुरेशी असते.

दुसरा उपाय म्हणजे दुर्बिणीच्या एका डोळ्याला फोनचं भिंग टेकवून फोटो काढणं. सुरुवातीला कडेला काळं वर्तुळ येतं, हात स्थिर झाला की जमतं. तारेवर निवांत बसलेल्या घारीचा किंवा पिंगळ्याचा फोटो असा छान येतो.

कॅमेरा घ्यायचाच आहे. कोणता?

दोन वाटा आहेत. एक, लेन्स न बदलता येणारा लांब झूमचा कॅमेरा. उदाहरणार्थ निकॉनच्या पी९५० मध्ये ८३ पट झूम आहे. लांबच्या शेंड्यावरचा तांबट ओळखायला याच्यासारखं साधन नाही, पण आतला सेन्सर लहान असल्यामुळे सकाळच्या अंधूक उजेडात चित्र दाणेदार येतं आणि उडता पक्षी पकडणं अवघड जातं. दुसरी वाट लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याची. त्यात ७०-३०० किंवा ५५-२५० मिलिमीटरच्या लेन्सवर गॅलरीतलं बहुतेक काम भागतं. १५०-६०० ची लेन्स नंतर, तुमची सकाळची सवय दोन हिवाळे टिकली तर. लेन्स वापरलेली घ्यायला हरकत नाही. फक्त घेताना आतून बुरशी नाही ना ते उजेडासमोर धरून बघा. कोकणातल्या दमट हवेत तर लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबरच ठेवा.

सेटिंग काय ठेवू? माझे फोटो हललेलेच येतात.

फोटो हलतो तो बहुतेक वेळा शटर स्पीड, म्हणजे फोटो टिपण्याचा वेग, कमी पडल्यामुळे. पक्षी बसलेला दिसतो, पण मान सतत वळत असते. बसलेल्या दयाळाला किंवा होल्याला सेकंदाचा १/५०० भाग निदान हवा. शिंजीर, शिंपी, वटवट्या यांना १/१२५० ते १/१६००. उडता पक्षी असेल तर १/२००० किंवा त्याहून वेगात.

माझी पद्धत अशी. कॅमेरा शटर प्रायॉरिटीवर, म्हणजे शटर स्पीड मी ठरवतो. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ऑटोवर सोडतो आणि त्याची कमाल मर्यादा ३२०० ठेवतो. फोकस सतत पाठलाग करणारा आणि एकाच बिंदूवर. पानांच्या गर्दीत कॅमेऱ्याला फोकस निवडू दिला की तो जवळचं पान निवडतो. तो बिंदू पक्ष्याच्या डोळ्यावर. डोळा धारदार असेल तर शेपटी थोडी पुसट झालेली चालते, डोळा पुसट असेल तर फोटो गेला. पक्षी मान स्थिर करतो त्या क्षणी सलग चार-पाच फोटो घ्या, पंचवीस नको.

आयएसओची भीती बाळगू नका. दाणेदार फोटो नंतर थोडा सुधारतो, हललेला कधीच सुधारत नाही.

उजेडाचं म्हणाल तर सकाळी सात ते नऊ. ऊन तिरकं आणि मऊ असतं, पक्षीही भुकेले आणि चपळ असतात. मार्चनंतर नऊच्या पुढे डोळ्यांखाली आणि पोटावर काळ्या सावल्या पडतात. हिवाळ्यात सूर्य खाली राहतो, त्यामुळे दहापर्यंत काम होतं. सूर्य तुमच्या पाठीशी असू द्या. आणि शक्य तितकं पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला या. तिसऱ्या मजल्यावर राहण्याचा हा एक फायदा मला मिळाला आहे, झाडाचा शेंडा माझ्या समोरच येतो.

गॅलरीला जाळी आहे, खिडकीला काच आहे. मग?

कबुतरांच्या जाळीतून फोटो उत्तम येतो. लेन्सचं तोंड जाळीला अगदी चिकटवा आणि ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक, जितकं उघडं जाईल तितकं उघडा. जाळी इतकी जवळ असते की ती फोकसच्या बाहेर विरघळून जाते. दोन हात मागे राहिलात तर पक्ष्याऐवजी जाळीच धारदार येईल. ग्रिलचा गज तर टेकू म्हणून वापरता येतो.

काचेसाठी: दोन्ही बाजूंनी पुसा, खोलीतले दिवे बंद करा, गडद रंगाचा शर्ट घाला आणि लेन्स काचेला टेकवून सरळ धरा. तिरकी धरली की चित्र लिबलिबीत होतं.

बगळा पांढराफटक येतो आणि कोतवाल काळा ठिक्कर. असं का?

कॅमेरा चौकटीतल्या एकूण उजेडाची सरासरी काढतो. गडद झाडीसमोर पांढरा गायबगळा असेल तर कॅमेरा झाडीसाठी उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं जळून जातात. तिथे एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, उणे एकपर्यंत आणा. उलट उजळ आभाळासमोर तारेवर कोतवाल असेल तर अधिक एक किंवा दीड. तो काळा असला तरी पिसांची निळसर झाक दिसायला हवी, ती दिसली की समजा जमलं.

पाणी आणि दाणे ठेवावेत का?

पाणी जरूर ठेवा, मातीच्या उथळ पसरट परळात, दोन-तीन बोटं खोल. मधे एक खडबडीत दगड ठेवा म्हणजे लहान पक्ष्यांना पाय ठेवायला जागा मिळते. पाणी रोज बदला आणि परळ घासून धुवा. शिळ्या पाण्यात डासांची अंडी होतात आणि पक्ष्यांचे रोगही पसरतात. मांजर दबा धरून बसेल अशा झुडपापासून ते लांब ठेवा.

दाण्यांबद्दल मी हात आखडता घ्यायला सांगेन. शहरात दाणे टाकले की येतात ते पारवे, आणि पारव्यांची गर्दी झाली की चिमण्या मागे सरतात. पारव्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीने काही माणसांना फुप्फुसाचा चिवट आजार होतो, हे श्वसनविकाराचे डॉक्टर वारंवार सांगतात. शेव, फरसाण, पाव, भात तर नकोच. द्यायचंच असेल तर झाड द्या. गॅलरीच्या कुंडीत जास्वंद लावलीत तर शिंजीर येईल, आवारात तुती, कढीपत्ता, पपई असली तर बुलबुल, कोकिळ आणि तांबट येतील. आमच्या उंबरावर फळं पिकतात तेव्हा राखी धनेशाची जोडी येऊन जाते, ती कुठल्याही दाण्याच्या ताटलीवर आली नसती.

चिमण्यांसाठी लाकडी घरटं टांगणार असाल तर भोक सव्वा इंचाच्या आसपास ठेवा, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. २० मार्चच्या जागतिक चिमणी दिवसाची सुरुवात नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीने केली.

कुंडीत बुलबुलाने घरटं केलंय. फोटो काढू का?

काढू नका. हे इतकं थेट सांगण्याचं कारण आहे.

सुरुवातीच्या काळात आमच्या मोगऱ्याच्या कुंडीत लालबुड्या बुलबुलाने घरटं केलं होतं. तीन अंडी, गुलाबी रंगावर तांबडे शिंतोडे. मला मधे येणारं एक पान खटकत होतं. मी ते हळूच बाजूला वाकवलं, दोन फोटो काढले आणि पान परत सोडलं. पण ते पूर्वीसारखं झाकलं गेलं नाही. दुपारी कावळ्याने तिन्ही अंडी नेली. बुलबुलाची जोडी दोन दिवस कठड्यावर येऊन बसत होती. ते फोटो मी कुणालाही दाखवलेले नाहीत.

कावळे आणि मांजरं माणसाचं लक्ष कुठे आहे ते बघत असतात. आपण दिवसातून पाच वेळा कुंडीपाशी डोकावलो की त्यांना पत्ता मिळतो. मादी पुन्हा पुन्हा उठली तर उन्हाळ्याच्या उन्हात अंडी तापतात, पिल्लं भाजून निघतात. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला हात लावणं, त्यात ढवळाढवळ करणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

घरटं असेल तर त्या कुंडीला पाणी लांबून, तिन्हीसांजेआधी एकदा द्या. गॅलरीचं ते टोक तीन-चार आठवडे त्यांचं. बुलबुलाची अंडी साधारण दोन आठवड्यांत उबतात आणि पिल्लं त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत उडतात. ती घरट्याबाहेर पडून कठड्यावर बसली, आई-बाप भरवू लागले, की घराच्या आतून, लांबून फोटो घ्या.

आणखी एक. पक्षी जवळ यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवू नका. त्याला वाटतं हद्दीत दुसरा नर घुसला. तो खाणं सोडून, पिल्लं सोडून भांडायला धावतो.

पिल्लू खाली पडलं आहे. काय करू?

पिसं फुटलेली असतील, फुदकत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकत आहे. कुत्रं-मांजर नसेल तर तसंच राहू द्या, असेल तर उचलून जवळच्या झुडपात उंचावर ठेवा. माणसाचा वास लागला की आई टाकून देते हा समज खरा नाही. अंगावर पिसं नसतील आणि घरटं सापडत असेल तर परत घरट्यात ठेवा. तोंडात दूध-पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. जखमी असेल, संक्रांतीच्या दिवसांत मांजात अडकलेला असेल, तर भोकं पाडलेल्या खोक्यात अंधारात ठेवून वन विभागाला किंवा गावातल्या पक्षी वाचवणाऱ्या संस्थेला कळवा. मांजा ओढून काढू नका, कात्रीने कापा.

मोठी लेन्स बघून शेजारी नाराज होतात.

त्यांचं बरोबर आहे. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे कुणी लांब लेन्स रोखली तर कुणालाही अवघडल्यासारखं होईल. आधी जाऊन सांगा, काढलेले फोटो दाखवा, आणि खिडक्या चौकटीत येत असतील त्या दिशेला कॅमेरा नेऊच नका. आमच्या समोरच्या काकू आता मलाच फोन करून सांगतात की पिंगळा कुठल्या ढोलीत बसलाय.

वर्षात कुठल्या काळात काय बघायला मिळेल?

सप्टेंबर-ऑक्टोबरपासून पाहुणे येऊ लागतात. गच्चीवर आणि पार्किंगमध्ये शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी, कुंपणावर थरथरत्या शेपटीचा थिरथिरा, झाडात लाल छातीचा माशीमार. फेब्रुवारी-मार्चमध्ये पांगारा आणि काटेसावर फुलली की भोरड्यांचे थवे उतरतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं. एका फुललेल्या काटेसावरीखाली तासभर उभे राहा, दुसरीकडे कुठे जायला नको. मार्च ते जून विणीचे दिवस, गाणी सगळ्यांत जास्त तेव्हा. जूनच्या तोंडावर चातक येतो. पावसाळ्यात फोटो कमी मिळतात, पण गावाकडे असाल तर सुगरणीची घरटी तेव्हाच विणली जातात.

नोंद कशी आणि कुठे ठेवू?

साधी शंभरपानी वही पुरते. तारीख, वेळ, जागा, पक्षी, किती होते, काय करत होते. इंटरनेटवर ठेवायची असेल तर ईबर्ड हे पक्ष्यांच्या नोंदींचं संकेतस्थळ आहे. तिथल्या नोंदी अभ्यासकांना वापरता येतात. दर फेब्रुवारीत चार दिवस 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो, भारतात तो २०१३ पासून चालतो. पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसतील ते पक्षी मोजायचे, एवढीच अट. घरची गॅलरी चालते. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. त्या आठवड्यात गावोगावी पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात आणि अनुभवी माणसाबरोबर फिरायला मिळतं.

फोटो पाठवून "हा कोणता पक्षी?" विचारायचं आहे. कसा पाठवू?

फिल्टर लावू नका, रंग भडक करू नका. पक्षी दिसेल एवढा कापा, पण मूळ फोटोही जवळ ठेवा. गाव, तारीख, वेळ आणि पक्षी जमिनीवर होता की झाडावर तेवढं लिहा. बाजूने, पाठीमागून आणि शेपटीचा असे दोन-तीन फोटो असतील तर सगळे पाठवा, पुसट असले तरी. आणि तुम्हाला स्वतःला तो कोण वाटतो आणि का, तेही लिहा. चुकलं तरी चालेल. "शिक्रा वाटतो, कारण छातीवर पट्टे आहेत" असं कुणी लिहिलं की मी त्याला चोच बघायला सांगतो, आणि पुढच्या वेळी तो मला न विचारता पावशा ओळखतो.